वैशाखातलं कोकण, एक तापमापक आणि एक बरणी

वैशाखात कोकणात जायचं ते आंबे खायला, आणि दुपारी बारा ते चार माजघरात पंख्याखाली लोळायला, ही आमच्या घरची रीत. यंदा मी ती मोडली. बारा ते चार उन्हातच बसायचं आणि त्या वेळात बाकीचे जीव काय करतात ते बघायचं, असं ठरवलं. तीस वर्षं मिरजेत मुलांना विज्ञान शिकवलं. 'प्राण्यांमधील अनुकूलन' हा धडा आला की उंट, ध्रुवीय अस्वल आणि निवडुंग. निवडुंग प्राणी नाही, पण तोही त्याच पानावर असायचा. घाटाखाली उतरलं की हाच धडा पायाखाली पसरलेला असतो, हे मला निवृत्तीनंतर सुचावं याची थोडी लाज वाटते.

सोबतीला बहिणीचा मुलगा पिंट्या आणि त्याची व्हॅन. पिंट्या एसी दुरुस्त करतो. मे महिन्यात त्याला एक दिवसाची उसंत नसते, तरी आला. 'मावशी, पाच दिवस एसीचं तोंड बघायचं नाही, एवढ्या अटीवर येतो,' म्हणाला. मी करोनाच्या काळात घेतलेली कपाळाला लावायची तापमापकाची बंदूक घेतली होती. ती त्यानं निघतानाच काढून टाकली. 'ही माणसाच्या तापाला आहे, दगडाच्या नाही.' त्याच्याकडची लाल ठिपका पाडणारी कामाची होती.

दिवस पहिला : वेळास, वैशाख शुद्ध षष्ठी

तिथ्या मुद्दाम लिहितेय. कारण तिसऱ्या दिवशी येईल.

वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव, पण आता लोक येतात ते कासवांसाठी. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं इथं ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाचवायला सुरुवात केली. त्याआधी ती कुत्र्या-कोल्ह्यांच्या आणि माणसांच्या पोटात जात. आम्ही पोहोचलो तेव्हा हंगाम सरत आला होता. गर्दी ओसरलेली, कुंपणातली शेवटची काही घरटी राहिलेली.

दुपारी दोनला पिंट्यानं कोरड्या वाळूवर ठिपका टाकला. ५७. चपला काढून चार पावलं चालायची पैज मी लावली आणि दुसऱ्या पावलाला हरले. कुंपणातल्या खड्ड्याशेजारी मात्र हातभर खोल तापमापक खुपसून ठेवला होता, त्यात ३२. वर भट्टी आणि हातभर खाली माजघर. कासवीण मागच्या पल्ल्यांनी खड्डा खणते तो सुरईच्या आकाराचा, तोंड अरुंद आणि खाली ऐसपैस. शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते, अंगानं दाबते आणि निघून जाते. पुढचे पन्नासेक दिवस वाळूच आई.

ही आई जरा विचित्र आहे. कासवाच्या अंड्यात मुलगा की मुलगी हे आधी ठरलेलं नसतं. उबवणीच्या मधल्या काळात वाळू किती तापते त्यावर ते ठरतं. साधारण तीस अंशांच्या आसपास दोन्ही निघतात, त्याखाली नरांचं प्रमाण वाढतं, वर माद्यांचं. आणखी फार तापली तर पिल्लंच मरतात. कुंपणावर हिरवी जाळी बांधलेली होती. राखणीला असलेल्या कासवमित्राला मी विचारलं, 'मग या घरट्यात मुलीच का?' तो हसला. 'बाई, बाहेरून बघून कुणाला कळत नाही. पण वैशाखातलं घरटं आहे, तुम्हीच समजा.'

कासवीण अंडी घालताना रडते, असं पूर्वीपासून ऐकत आले होते. डोळ्यांजवळच्या ग्रंथी समुद्रातून पोटात गेलेलं जादा मीठ दाट खारट पाण्यातून बाहेर टाकतात, तेच ते अश्रू. पाण्यातही ती असंच 'रडत' असते, तिथं आपल्याला दिसत नाही इतकंच. हे मी पिंट्याला सांगितलं तर म्हणाला, 'म्हणजे ड्रेन पाइप.' पाच दिवस हा माणूस एसीचं तोंड बघणार नव्हता.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला एका घरट्यावरची वाळू बशीसारखी खाली बसली. पिल्लं फुटून आधीच वर आलेली असतात, पण वरचा थर तापलेला असेपर्यंत त्याखालीच दम धरून राहतात. गरम वाळू लागली की त्यांची हालचाल मंदावते आणि सगळा घोळका थांबतो. वाळू निवली की पहिलं हलतं, त्याच्या धक्क्यानं दुसरं. साडेसहाला वाळूवर ३३ होते. तीसेक पिल्लं पाण्याच्या दिशेला सोडली. माणसं दोरीमागे उभी होती, कुणी बोलत नव्हतं. एक पिल्लू उलटं पडलं तेव्हा पाच-सहा जणांच्या तोंडून एकदम 'अरेरे' आलं, तेवढंच.

रात्री ज्या घरी उतरलो तिथं आमटी-भात, कैरीचं लोणचं आणि अंगणात खाट. झोप उत्तम.

दिवस दुसरा : आंजर्ले, सप्तमी

केळशीवरून आंजर्ल्याला. कड्यावरच्या गणपतीला मी वर जाऊन आले. पिंट्या खाली सोलकढी पीत बसला, देवाला तिथूनच हात जोडले म्हणाला.

जोग नदीच्या खाडीत अकराच्या सुमाराला पाणी पार उतरलं होतं. काठानं तिवर आणि चिपी. पांढरी चिपी आता महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे, २०२० पासून. पुढे सगळा राखाडी चिखल, आणि चिखलात निवट्या.

निवटी हा मासा आहे, हे माहीत नसलेल्याला पटवणं कठीण. तो पाण्याबाहेर चिखलावर बसतो, छातीच्या परांवर हात टेकल्यासारखा सरकतो, चिडला तर पाठीवरचा पर छत्रीसारखा उघडतो आणि टुणकन उडतो. डोळे डोक्याच्या माथ्यावर, बेडकासारखे. मध्येच एक डोळा आत ओढून घेतो आणि परत बाहेर काढतो. खाली ओल्या खोबणीत बुडवून आणायचा, म्हणजे डोळा वाळत नाही. कल्ल्यांच्या पिशवीत पाणी धरून ठेवतो, आणि तोंडाचं आतलं अस्तर नि कातडी ओली असेपर्यंत हवेतूनच श्वास घेतो. म्हणून थोड्या थोड्या वेळानं चिखलात एका कुशीवर लोळून घेतो. निळ्या ठिपक्यांची जात चिखलावर तोंड डावी-उजवीकडे फिरवत चालते, गवत कापल्यासारखी. वरचा शेवाळाचा पातळ थर खरवडून खाणं चाललेलं असतं.

खरी गंमत मात्र बिळात आहे, आणि ती बघायला मिळत नाही. चिखलात जरा खाली प्राणवायू जवळपास नसतोच, म्हणून तर उकरला की सडक्या अंड्याचा वास येतो. तिथं अंडी घातली तर गुदमरणार. मग निवटी बिळाच्या टोकाला वर वळलेली एक खोली करते आणि तिच्या छताला अंडी चिकटवते. नर वरून तोंडात हवा भरून आणतो आणि त्या खोलीत सोडतो, पुन्हा वर, पुन्हा खाली. पाण्यातल्या प्राण्यानं पाण्याखाली हवेची खोली बांधायची! जपानी अभ्यासकांनी त्यांच्याकडच्या एका जातीच्या बिळात कॅमेरे घातले तेव्हा पुढचंही दिसलं. अंडी तयार झाली की रात्रीच्या भरतीला नर तीच हवा तोंडानं भरून बाहेर नेऊन टाकतो. खोलीत पाणी चढतं आणि अंडी फुटतात.

चिखलात गुडघाभर रुतलेली दोन मुलं निवट्या धरत होती. हात बिळात कोपरापर्यंत, आणि दुसरं तोंड पायानं दाबून धरलेलं. मी हवेच्या खोलीचं सांगितलं तर मोठा म्हणाला, 'म्हणून तो हात आत गेला की बुडबुडे येतात व्हय!' माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत इतक्या पटकन जोडणी करणारे विद्यार्थी बोटावर मोजण्याइतके.

त्याच चिखलात एकाच बाजूची नांगी भलीमोठी असलेले फिडलर खेकडे. ती नांगी नराची, मादीला बोलवायला आणि दुसऱ्या नराला दटावायला. पण अमेरिकेतल्या एका जातीवर असं दिसलं की या नांगीतून अंगातली उष्णताही बाहेर जाते, त्यामुळे नराला उन्हात जास्त वेळ मिरवता येतं. पिंट्या लगेच, 'आउटडोअर युनिट!' मी दुर्लक्ष केलं. पण उपमा चुकलेली नव्हती.

दुपारी दाभोळहून फेरीबोटीनं धोपावे, आणि गुहागर. मुक्कामाच्या ठिकाणी एसीचे पैसे आधी घेतले आणि एसी बंद. मालक गावात नव्हता, फोन उचलत नव्हता. रात्री अकरा वाजता पिंट्या स्टुलावर चढला. जाळी काढून धुतली आणि एसी चालू केला. चहाचेसुद्धा पैसे त्यांनी बिलात लावले.

गुहागरच्या किनाऱ्यावर २०२५ च्या जानेवारीत एक कासवीण अंडी घालताना सापडली होती. तिच्या पल्ल्याला खूण होती, २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली. पूर्व किनारा सोडून ती पश्चिमेला आली. आईला किनारा बदलता येतो. अंड्याला वाळू बदलता येत नाही.

दिवस तिसरा : हेदवी, अष्टमी

आता तिथ्यांचं. कोकणात भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पूर्ण भरती. मग ओहोटी दुपारी बाराला. मी मुद्दाम अष्टमी साधली होती, टळटळीत दुपारी खडक उघडे मिळावेत म्हणून. स्वतःवर खूश होते.

हेदवीला उमामहेश्वराच्या देवळाशेजारी बामणघळ आहे. काळ्या कातळातली अरुंद फट, भरतीला लाटा आत घुसून पाणी उंच उडतं. आम्ही गेलो तेव्हा घळ चूप होती. कातळावर एक बाई छोट्या कोयतीनं कालवं फोडत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'आज कशाला आलात बाई? आज भांग. पाणी धड खाली जात नाही नि वर येत नाही. पुनवेला यायचं, नाहीतर अवसेला.'

माझा हिशेब अर्धाच बरोबर होता. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. भरती वरपर्यंत चढते, ओहोटी खोलपर्यंत जाते. अष्टमीला भांग, दोन्हीकडे पाणी आखडतं. पण मला वाटतं त्या कातळावर बसून जे सुचलं ते पौर्णिमेला सुचलं नसतं. उधाणाची भरती या किनाऱ्यावर दुपारी-मध्यरात्री बाराच्या सुमाराला. म्हणजे सगळ्यात खोल ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाला. सगळ्यात खालच्या पट्ट्यातले नाजूक जीव, स्पंज, समुद्रफुलं, उघडे पडतात ते ऊन नसतानाच. दुपारी बाराची ओहोटी येते ती भांगाची, ती त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. खालच्यांना ही सोय आयती मिळालेली आहे. वेळापत्रक वेगळं असलेल्या किनाऱ्यावर तेच जीव भर उन्हात उघडे पडतात.

वरच्यांचं नेमकं उलट. भांगाच्या दिवसांत भरती त्यांच्यापर्यंत चढत नाही. कातळाच्या माथ्यावरच्या वाटाण्याएवढ्या गोगलगाई सलग काही दिवस समुद्राच्या नजरेसमोर कोरड्या. पिंट्यानं ठिपका टाकला. माथ्यावरचा काळा कातळ ५३. अर्ध्यावरचं साचलेलं पाणी ३७. शेवाळ उचललं तर खाली ३१. एका हाताच्या अंतरात बावीस अंशांचा फरक. या पोरानं मग तिथून हलायलाच नकार दिला, प्रत्येक फटीत ठिपका टाकत बसला. माझी चप्पल दरम्यान तळापासून सुटली. उन्हानं गोंद वितळला होता.

त्या गोगलगाई मी भिंगानं बघितल्या. बऱ्याचशा फटीत दाटीनं बसलेल्या. ज्या उघड्यावर होत्या त्यांनी पाय आत ओढून दाराची चकती लावून घेतली होती, आणि शंखाच्या ओठाला चिकट स्राव लावून त्या कातळावर नुसत्या डकवलेल्या होत्या. अंगाचा दगडाला स्पर्श नाही. तव्यावर पालथं पडायचं नाही, तव्याला कडेनं टेकून उभं राहायचं. कालवं शिंपले गच्च मिटून बसतात. आतला घोटभर समुद्र धरून ठेवतात, हृदय मंद करतात आणि प्राणवायूवाचून जेमतेम धुगधुगी राहील एवढंच काम चालू ठेवतात.

हे फुकट होत नाही. पेशीतली प्रथिनं उष्णतेनं विस्कटायला लागतात, अंडं उकडल्यासारखी. ती सावरायला दुसरी प्रथिनं तयार करावी लागतात आणि त्यात बरीच शक्ती जाते, वाढायला आणि अंडी घालायला कमी उरते. या व्यवस्थेचा पहिला धागा इटलीतल्या फेरुच्चो रितोसा यांना सापडला. ते फळमाश्यांवर काम करत होते. प्रयोगशाळेत कुणीतरी उबवण-पेटीचं तापमान चुकून वाढवून ठेवलं. दुसरा कोणी असता तर माश्या फेकून दिल्या असत्या. रितोसांनी त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या, तर गुणसूत्रांवर नव्याच जागी फुगवटे आलेले. १९६२ साली त्यांनी ते छापलं. ही गोष्ट पिंट्याला इतकी आवडली की तवसाळहून जयगडला जाणाऱ्या फेरीबोटीवर त्यानं ती एका ट्रकवाल्याला सांगितली. फक्त त्यात थर्मोस्टॅटचं बटण फिरवणारा एसी मेकॅनिक होता.

रत्नागिरीत नवी चप्पल घेतली.

दिवस चौथा : कशेळीचा सडा, नवमी

समुद्राचं काही बघायचं नाही असा हा एकच दिवस, आणि मला सगळ्यात जास्त आवडलेला.

सडा म्हणजे जांभ्याचं पठार. पावसाळ्यात चार महिने पाणी, फुलं, डबकी. बाकी आठ महिने उघडा दगड. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला भलाथोरला हत्ती आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. काही ठिकाणच्या चित्रांत गेंड्यासारखे प्राणीही दिसतात. आज इथं ना हत्तींचे कळप, ना गेंडा. कोरणाऱ्यांनी बघितलेलं कोकण वेगळंच असणार. मी त्या हत्तीच्या कडेला बराच वेळ बसले. छत्री होती.

अडीचला जांभा ५८. पाच दिवसांतला सर्वांत मोठा आकडा. चहूकडे काही हलत नव्हतं. मग पलीकडून टिटवी ओरडायला लागली. तिथं जाऊ नये हे कळत होतं, म्हणून लांबून दुर्बिणीनं बघितलं. चार खड्यांच्या कडीत अंडी, खड्यांसारखीच. वर ती उभी. बसलेली नाही, उभी, पंख किंचित सैल सोडून, सावली पडेल अशी. उबवणं म्हणजे ऊब देणं असं आपण धरून चालतो. इथं अंडी थंड ठेवण्यासाठी आई उभी. जरा वेळानं जोडीदार आला. तो गुरांच्या सिमेंटच्या टाकीपाशी जाऊन पोट भिजवून आला होता. ओल्या पिसांनी तो अंड्यांवर बसला आणि ती उडाली. टिटवी आभाळ पडू नये म्हणून पाय वर करून झोपते, असं माझी आजी सांगायची. आभाळ राहू दे, तेवढी चार अंडी सांभाळायला दोघांची दुपार जात होती.

सड्याच्या कडेच्या वाडीतले एक आजोबा काठी टेकत आले. 'मॅडम, दगड परतू नका हो. खाली फुरसं असेल.' रत्नागिरी आणि फुरसं ही जोडी जुनी आहे. इंग्रजी अमलात फुरशी मारायला बक्षीस लावलं होतं. हा साप चिडला की वेटोळ्याच्या कडा एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढतो. फूत्कारात अंगातला ओलावा जातो, तो वाचवायला ही युक्ती, असं काही अभ्यासक मानतात. मला त्याची दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. आपल्याकडचं फुरसं अंडी घालत नाही, पिल्लं देतं. मादी अंडी पोटात घेऊन हिंडते. ऊन चढलं की दगडाखाली, सकाळी गार वाटलं की उन्हात. वेळासच्या वाळूत अडकलेली अंडी आठवली. हिनं ती कुठं ठेवलीच नाहीत, प्रश्न मिटला.

आजोबांना मी विचारलं, 'बेडूक कुठं असतात हो आता?' त्यांनी काठीनं खाली दाखवलं. 'हातभर खाली.' मातीत शिरणाऱ्या बेडकांच्या मागच्या पायाला कुदळीसारखा कडक उंचवटा असतो. ते मागे सरकत खाली जातात आणि ओलावा असेल तिथं पडून राहतात. देवगांडूळही असंच. लोक त्याला साप समजून मारतात, पण ते बेडकांच्या गोतावळ्यातलं, बिनपायांचं. याच जिल्ह्यातल्या दोर्ले गावातून २००३ साली देवगांडुळाची एक नवी जात जगापुढे आली. आयुष्य मातीतच काढणारा प्राणी, त्यामुळे दिसायला वेळ लागला. मग आजोबा वळगणीवर घसरले. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की ओढ्यातले मासे पाण्याच्या उलट शेतात चढतात आणि रात्री कंदील घेऊन माणसं त्यांच्यामागे. मांगूर तर ओल्या गवतातून सरपटत जातो, हवेतून श्वास घेता येतो त्याला. आजोबा दहा मिनिटं फक्त मांगुराच्या कालवणावर बोलले आणि मी त्यांना अडवलं नाही.

निघताना त्यांनी एका खळग्याकडे बोट केलं. ताटाएवढा असेल. तळाला तडकलेला गाळ, पापडासारखा. 'पावसात ह्यात बारीक कोळंब्या येतात. उलट्या पोहतात, पोट वर करून. पाणी कुठून आलं ते कळतं, ह्या कुठून येतात ते नाही कळत.'

त्या कुठूनच येत नाहीत. अंडी तिथंच, त्या पापडात. पाणी आटायच्या आधी त्या कोळंब्या वाढतात, जाड कवचाची अंडी टाकतात आणि मरतात. आतला गर्भ थोडा वाढून थांबतो. मग जवळजवळ सगळं पाणी उडून जातं आणि ५८ अंशांच्या दगडावर तो आठ महिने, लागले तर काही वर्षं, पडून राहतो. मिठागरातल्या त्यांच्या चुलत भावंडांच्या अंड्यांत याचं एक कारण सापडलं आहे. ट्रेहॅलोज नावाची साखर पाण्याची जागा घेते आणि पेशीतला कारभार काचेसारखा गोठवून ठेवते. जिवंत म्हणावं तर काही चाललेलं नाही, मेलेलं म्हणावं तर पाण्याचा थेंब पडेपर्यंत म्हणता येत नाही.

पिंट्या इतका वेळ गप्प होता. म्हणाला, 'मावशी, चार दिवस बघतोय. उन्हाशी भांडणारा एकही नाही. सगळ्यांनी मशीन बंद करून टायमर लावलाय.' मला उत्तर सुचलं नाही. मी जॅमची रिकामी बरणी काढली आणि त्या खळग्यातला मूठभर गाळ तीत भरला.

दिवस पाचवा : मालवण, दशमी

देवगडला पोहोचायलाच रात्र झाली होती, त्यामुळे सकाळ गाडीत. मालवणचं समुद्री अभयारण्य १९८७ सालचं. सिंधुदुर्गाच्या तटाशी पोवळी आहेत. ती बघायला पाण्यात उतरायचं तर साठीतल्या बाईला नळी तोंडात धरून तरंगायला शिकायला लागतं. अर्धा तास शिकले, दहा मिनिटं बघितलं, थोडा समुद्र प्यायले.

पाणी गढूळच होतं. इथली पोवळी गाळ आणि पावसाळ्यातलं गोडं पाणी सोसणाऱ्या दणकट जातींची. पण उन्हाळा त्यांनाही जड जातो. पोवळ्याच्या अंगात बारीक शैवाल राहतं, तेच त्याला खाऊ घालतं आणि रंगही देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जरी जास्त तापलं आणि तसं काही आठवडे राहिलं, तरी ही भागीदारी मोडते. पोवळं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लगेच मरत नाही, उपाशी राहतं. १९९८ साली जगभर असं झालं, मग २०१०, मग २०१४ ते २०१७, आणि २०२३ पासून चौथ्यांदा. मला दोन ढेकूळं फिकट दिसली. ती आजारी होती की माझी काच धुकट होती, हे मी छातीठोक सांगणार नाही. त्याला निवटीसारखं बिळात जाता येत नाही, टायमर लावता येत नाही. पिंट्याचं वाक्य इथं लागू पडत नव्हतं, आणि ते त्यालाही कळलं असावं. बोटीत तो काही बोलला नाही.

किनाऱ्यावर जाळी झाडणं चाललं होतं. एका जाळ्यात समुद्रसाप. शेपूट वल्ह्यासारखी चपटी. वयस्क मच्छीमारानं काठीवर उचलून तो पाण्यात सोडला. 'गावता जाळ्यात. तेका मारून काय करूचा? हात मात्र लावू नको बाय.' हात लावायचा प्रश्नच नव्हता, त्याचं विष नागाच्या तोडीचं.

मी त्यांना विचारलं, 'हा पाणी कुठलं पितो?' त्यांनी समुद्राकडे हात केला. मीही वर्गात तेच शिकवायचे. समुद्राचं पाणी पितो आणि जिभेखालच्या ग्रंथीतून मीठ टाकतो. आता कळलंय की ते अर्धवट आहे. ग्रंथी आहे, पण खारं पाणी पिऊन तहान भागवणं तिला झेपत नाही. मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर पिवळ्या पोटाच्या समुद्रसापांवर अभ्यास झाला. कोरड्या ऋतूत सहा-सात महिने ते तहानलेले आढळले. मोठा पाऊस झाला की समुद्रावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगतो, ते पाणी ते पितात. आयुष्यभर पाण्यात राहायचं आणि पावसाची वाट बघायची. हे मी मच्छीमारांना सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, 'आमचा तरी काय वेगळा हा?'

संध्याकाळी फोंडा घाट चढून परत.

नंतर : मिरज

गाळाची बरणी ओट्यावर ठेवली. चार दिवसांनी धीर सुटला. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून, क्लोरीन गेला असेल अशा समजुतीनं, अर्धा गाळ काचेच्या वाडग्यात भिजवला. रोज भिंग घेऊन बघायचे. एक दिवस, दोन, पाच. काही नाही. नवव्या दिवशी वास यायला लागला. वाडगा गच्चीत नेऊन सुकवला आणि विषय संपवला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री जोराचा पाऊस झाला. वाडगा गच्चीतच राहिला होता. तिसऱ्या दिवशी कपडे काढायला गेले, सहज डोकावले, तर पाण्यात धुळीचे कण एका दिशेनं न पडता इकडेतिकडे धक्के खात चाललेले. भिंग आणलं. सात मोजले, मग हरवले, मग परत सात.

या अंड्यांची एक खोड पुस्तकात वाचली होती, मनात बसली नव्हती. पहिल्या पाण्याला सगळी कधीच फुटत नाहीत. वळवाची एखादी सर येते, डबकं भरतं आणि दोन दिवसांत आटतं. त्या सरीला भुललेली सगळी संपली असती. म्हणून थोडी फुटतात, बाकीची अंग धरून राहतात. काहींना एकदा भिजून, परत सुकून, मग दुसरं पाणी लागतं.

पिंट्याला फोन केला. मागे कुणाच्या तरी घरात एसीचा घर्र आवाज.

'किती?'

'सात.'

'आणि उरलेला गाळ?'

उरलेला अर्धा अजून बरणीत कोरडाच आहे, हळदीच्या डब्याशेजारी. झाकणावर पट्टी चिकटवली आहे : 'कशेळी सडा, वैशाख शु. ९. भिजवू नये.'